आईचं बटण

रागवावं कसं, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं. आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं पूर्ण नाव घ्यायचं आणि एकाच वाक्यात काम संपवायचं! पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथे मी नुसतं 'सर' म्हणून थांबले की प्राचार्यसुद्धा उशीर झालेलं पुस्तक दोन्ही हातांनी परत करतात. तेव्हा आप्पांचं वर्षश्राद्ध एकदाही आवाज न चढवता पार पडणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

आप्पा म्हणजे माझे वडील, नरहरी. मुळशी तालुक्यातल्या माणचे शेतकरी. आयटी पार्कात जमिनी गेल्या तेव्हा भावकीनं गाड्या घेतल्या, आप्पांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. साठीत! तिच्याबरोबर आवाज बदलणारं एक मशीन आलं, त्याला प्रोसेसर म्हणतात. आणि ते पायानं चालवायची बटणांची एक लांबट पाटी आली, तिला आमच्या घरात पायपाटी म्हणतात. एक बटण दाबलं की गिटार सनईसारखी रडायची, दुसरं दाबलं की विहिरीतून बोलल्यासारखी. पाच नंबरच्या बटणावर आप्पांनी माझं लाल नेलपॉलिश फासलं होतं.

"त्याला पाय लावू नगंस," ते मला म्हणाले होते. "ते तुज्या आईचं हाय."

मी आयुष्यभर वाचलेल्या सगळ्या प्रेमकविता या एका वाक्यापुढे फिक्या पडल्या! आईला विचारलं तर ती "काय सांगायचं त्यात!" म्हणून मान वळवून आत गेली. लाजली असणार, असं मी ठरवलं.

आता हे सगळं सामान माझा चुलतभाऊ शैलेश त्याच्या बेंजो पार्टीसाठी नेणार होता. आईनंच होकार दिला होता. माझी अट एकच. जाण्याआधी पाच नंबर एकदा ऐकायचा. वर्षभरात मला आप्पांचा आवाज कुठेच सापडला नव्हता. तो असलाच तर तिथे होता.

जेवणं झाली. पाहुणे सुपारी चघळत बसले. शैलेशनं आप्पांच्या फोटोखाली सामान मांडलं, गिटार स्पीकरला टेकवून ठेवली आणि बटण दाबलं. प्रोसेसरचा दिवा लागला. पायपाटीवर मात्र काळोख.

"मेलीय पाटी," शैलेश म्हणाला.

"आजच्या दिवशी मेली म्हणू नगं!" धोंडाआत्या किंचाळली. आप्पांची ही थोरली बहीण. ती किंचाळायला कारण शोधत नाही.

शैलेशनं पाटी उलटी केली, सुलटी केली, कानाला लावली. "हिचा अडॅप्टर गेलाय. करंट कुटनं मिळणार हिला? चोरी झालीय, ताई!"

"कुणी केली?"

शैलेशनं नुसतं जिन्याकडे बघितलं. वरच्या खोलीत पियूष राहतो. नांदेडचा, आयटीतला, आप्पांनंतर आलेला आमचा भाडेकरू. बिचारा दुसऱ्यांदा मठ्ठा घेत होता.

"मी? मी कशाला पायपाटीचा अडॅप्टर चोरू?"

"तुमच्याकडं वायरी लई हायेत!"

"अहो, तो लॅपटॉपचा चार्जर आहे!"

पाच मिनिटांत चार्जर खाली आला, पंचांसमोर आरोपीला आणावं तसा. लावून बघायचं ठरलं. पण लावणार कुठे? पायपाटीला भोकच नव्हतं! मागे एक जाड केबल होती आणि ती सरळ प्रोसेसरमध्ये गेली होती. बस्स.

"एकदा रीस्टार्ट करून बघा ना," पियूष म्हणाला. खोलीची झडती झालेल्या माणसाच्या मानानं तो फारच सभ्यपणे बोलला.

तीनदा रीस्टार्ट झालं. मग आत्या उठली. "नरहरीचा जीव अडकलाय तिच्यात. नारळ फोडा." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं पायपाटीला हळदकुंकू वाहिलं! नारळ पाटीवरच फोडायला निघाली होती, तो मी हातातून काढून घेतला.

"धोंडाआत्या," मी म्हणाले. पूर्ण नाव घेऊन, हळू आवाजात. काही उपयोग झाला नाही. कॉलेजातली युक्ती मुळशी तालुक्यात चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तोवर शैलेशनं स्क्रूड्रायव्हर आणला होता. "भोक न्हाई तर पाडू की! वायर सोलतो, डायरेक्ट बोर्डात घालतो. मांडवाच्या लायटी अशाच तर लावतो मी."

"आणि जळलं तर?"

"आता माझंच हाय न्हवं ते?"

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मला शैलेशचा राग आला, आत्याचा आला, मठ्ठा पिणाऱ्या पियूषचा आला. सगळ्यात जास्त आप्पांचा आला. स्वतःची वस्तू कशी चालते हे न सांगता माणूस असा उठून जातो का? सांगत काय होते, तर फोनवर एकच वाक्य. "पायाचं जेवण डोक्यातून जातंय बघ!" आणि स्वतःच खो खो हसायचे. मी त्याला वेदान्त समजत आले होते!

पायाचं जेवण. डोक्यातून.

मी गुडघ्यांवर बसले आणि प्रोसेसरची पाठ बघितली. त्याची स्वतःची जाड वायर होती. तिच्या शेजारी, पायपाटीची केबल जिथे शिरत होती तिथेच, एक छोटं रिकामं भोक होतं.

"शैलेश, ह्यात काय होतं?"

"त्यात व्हय? एक काळा अडॅप्टर हुता. पर मशीनला सोताची वायर हायच की! एका तोंडाला दोन घास कशाला? म्हून काढला."

"एक घास पाटीचा होता! केबलमधून तिच्यापर्यंत जायचा! कुठाय तो?"

शैलेशनं हळूच वर बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच वर बघितलं. आप्पांच्या फोटोभोवती लाल-हिरव्या चिनी दिव्यांची माळ लुकलुकत होती. तिच्या शेपटीला तो काळा अडॅप्टर!

मी स्टुलावर चढले.

"माळ इझवू नगं!" आत्या माझ्या पदराला लोंबकळली. "वर्साच्या दिवशी माज्या भावाम्होरं अंधार?"

"आत्या, सोड!" मी ओरडले.

हो, ओरडले. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली, असं नंतर मला सांगण्यात आलं. आत्यानं पदर सोडला. मी माळ विझवली, अडॅप्टर खाली आणला आणि त्या भोकात खुपसला.

पायपाटीवर लाल आकडे पेटले.

खोलीत कुणी सुपारीही चावेना. आई दाराशी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि पाच नंबर दाबला.

आवाज आला! सनई नाही, विहीर नाही. रेडकू हरवलेली म्हैस कर्ण्यातून हंबरावी, तसा आवाज! स्पीकरला टेकलेली गिटार आपली आपणच कोकलत होती. फोटो थरथरला. पियूषच्या हातातला मठ्ठा सांडला.

आणि आई ताडकन उठली.

"आले, आले! ठेवते! जरा दम न्हाई माणसाला!" ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ पातेलं आदळल्याचा आवाज आला आणि गॅस पेटला.

मी बटणावरून पाय काढला. माडीवर गिटार घेऊन बसलेल्या आप्पांची हाक खाली पोचत नसे. जिना उतरायचा त्यांना कंटाळा होता. चहा हवा असला की काय करायचे, ते आता अख्ख्या भावकीला कळलं होतं. कुठल्या प्रेमकविता आणि कुठलं काय!

बऱ्याच वेळानं आई चहा घेऊन आली. डोळे लाल होते, पण ट्रे सरळ होता. सगळ्यांना कप दिले. एक आप्पांच्या फोटोखाली ठेवला. मग म्हणाली, "शैलेश, ती पाटी न्यायची न्हाई. मशीन बी न्यायचं न्हाई."

"बरं, काकी," शैलेश म्हणाला, एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा कडू झाला. माझाही झाला असणार. आप्पांना साखर बंद होती. आईनं सगळ्यांचाच चहा आप्पांचा केला होता.

शैलेशनं साखर मागायला तोंड उघडलं.

मी पाय उचलून पाच नंबरवर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. आवाज न चढवता.

त्यानं कप एका दमात रिकामा केला.