तागातले पाहुणे

आमच्या उत्रोलीत अळीला अहो-जाहो करणारा माणूस एकच, बबनतात्या. माझ्या खाचराला लागूनच त्यांचं खाचर. लावणीआधी आम्ही सगळेच ताग पेरतो आणि कमरेएवढा झाला की खत म्हणून चिखलात गाडतो. तात्यांचा ताग मात्र उभाच. का, तर त्यावर काळ्या-पांढऱ्या केसाळ अळ्या बसलेल्या असतात. "पाहुणे जेवत्यात," तात्या सांगतात. "जेवत्या माणसाला ताटावरनं उठवत न्हाईत."

या अळ्यांचं पुढे बोटाच्या पेराएवढं पाखरू होतं. पांढऱ्या पंखांवर काजळाचे आणि कुंकवाचे ठिपके. ताग नसला तर ते बांधावरच्या खुळखुळ्याच्या झुडपावर भागवतं. हे सगळं तात्यांनी मला ऐकवलं आहे, मी काही न विचारता.

यंदा माझं डोकं फिरलं. चिखलणीला वेल्ह्याचा ट्रॅक्टर आम्ही दोघांत मिळून सांगितला होता. माझं उरकलं आणि ड्रायव्हर तात्यांच्या बांधावर खोळंबला. तो गेला असता तर परत कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि तात्यांची रोपं लावणीला आलेली. वर्षाचा तांदूळ हातचा जायची वेळ. चांगलं खडसवायचं ठरवून मी त्यांच्या ओसरीवर गेलो.

तात्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून त्यांच्या सुरेशशी बोलत होते. सुरेश मस्कतला गवंडीकाम करतो. जायच्या दिवशी गाडी लवकर आली आणि पोरगं अर्ध्या जेवणावरून उठून गेलं. त्यानंतर तो आलेलाच नाही. आता तो त्याच्या खोलीच्या पडद्यावर बसलेलं पाखरू बापाला दाखवत होता. पांढरं, लाल-काळ्या ठिपक्यांचं.

"ह्यो आपल्याकडचाच की रं," तात्या म्हणाले. "तितं काय खातो?"

"मिळत असंल कायतरी, दादा."

तात्यांनी मोबाईल आणखी जवळ धरला. मग म्हणाले, "आन तू? जेवलास का?"

खडसवायचं राहूनच गेलं. फोन ठेवल्यावर मी त्यांना एवढंच म्हणालो, "तात्या, पाहुण्यांना उठवायचं न्हाई. ताटासकट हलवू."

मग आम्ही अळ्यांसकट तागाचे शेंडे कापले आणि बांधाकडची पट्टी न गाडता ठेवून तिथल्या उभ्या तागाला नेऊन टेकवले. ड्रायव्हर आधी हसला, मग तोही विळा घेऊन उतरला. बाकीच्या खाचरात ट्रॅक्टर शिरला तेव्हा तात्या शेवटचा शेंडा टेकवत होते. त्यावरची अळी पान कुरतडत होती. तात्या तिच्यापुढे वाकले.

"गाडीकडं बघू नगा," ते म्हणाले. "सावकाश होऊ द्या."