ऑरिनने बायकोचा एडिटर बदलला

ऑरिन हॉगेनने आयुष्यात एकदाच पुढाकार घेतला, आणि तोही चुकून.

डुलुथच्या एका विमा कंपनीत तो एकतीस वर्षं प्रोग्रॅम लिहीत होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तेवढ्यात टॅरिन नावाची नवी साहेबीण आली आणि तिने सभेत विचारलं, "जुना एडिटर अजून कोण कोण वापरतं?" बाराच्या बारा हात वर झाले. प्रोग्रॅम असो की पत्र, सगळं त्यातच टाइप व्हायचं. जुना एडिटर म्हणजे काळा पडदा आणि अक्षरं, बस्स. माउस नाही, बटणं नाहीत, सगळा बोटांचा कारभार. आता त्याऐवजी नवं रंगीत प्रकरण घ्यायचं होतं. ते चुका दाखवतं, शब्द सुचवतं आणि लिहिलेलं आपलं आपण जपून ठेवतं.

"सगळ्यांना वळवायचं काम कोण घेतंय?" टॅरिनने विचारलं. ऑरिनचा हात अजून वरच होता. (खाली घ्यायला विसरला होता.)

"वा, ऑरिन! महिनाअखेर बाराही जण नव्यावर हवेत. एक जरी मागे राहिला, तर तुमची जागा वाचवणं माझ्या हातात नाही."

दहा जण लिंबाच्या वड्यांवर वळले. राहिली ती वड्या भाजणारी, म्हणजे त्याची बायको लव्हॉन. तीही त्याच कंपनीत, आणि कंपनीची यच्चयावत पत्रं तिच्या हाताखालून जायची.

"एकदा उघडून तर बघ," ऑरिन कॉफी ओतत म्हणाला.

"बघितलं. सारखं काहीतरी सुचवत असतं. घरात एक सुचवणारा आहे तेवढा पुरे."

"माझी नोकरी जाईल गं!"

"मग हात खाली घ्यायचा होतास."

शेवटच्या दिवशी लव्हॉन चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाला हॉटडिश, म्हणजे तिकडचा ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, वाढायला गेली. ऑरिनने तिचा कॉम्प्युटर उघडला. (पासवर्ड कुत्र्याचं नाव. नवऱ्याचं असेल अशी आशा त्याने कधीच सोडली होती.) त्याने एकच ओळ लिहिली. लव्हॉनने जुन्याला हाक मारली की नव्याने ओ द्यायची. वर नव्याची सगळी बटणं लपवून पडदा काळा केला. चालतंय का बघायला, विमेदार वारला की कंपनी घरी पाठवते त्या शोकपत्राची फाइल उघडली, मधेच एका ठिकाणी क्लिक केलं आणि टॅरिनला कळवलं, "बारा पूर्ण."

लव्हॉन घाईत आली. तिला अजून भांडी घासायला परत जायचं होतं. शोकपत्रातला जुना फॅक्स नंबर तेवढा उडवायचा होता. तिने घड्याळाकडे बघत बोटं चालवली. चार ओळी खाली जा, ओळ खोड, जपून ठेव, बाहेर पड. जुन्यात हे हुकूम अक्षरांनीच द्यायचे, पण त्यातलं एकही कागदावर उतरत नाही. नव्याने मात्र आज्ञाधारकपणे सगळं लिहून घेतलं आणि जपूनही ठेवलं. लव्हॉन झाकण मिटून गेली आणि तीन वाजता चारशे बारा घरी पत्रं रवाना झाली:

"आपल्या जोडीदाराच्या निधनाचे आम्हाला अतिशय jjjjdd:wq दुःख झाले आहे."

शनिवार-रविवारची सुट्टी संपली आणि लव्हॉनने कॉम्प्युटर उघडायच्या आतच फोन खणखणू लागले. एक बाई शांतपणे विचारत होत्या, नवरा वारल्यावर हा नंबर कुठे भरायचा असतो? तो फोन ऑरिननेच घेतला. त्याला स्वतःची शिसारी आली, पण तो म्हणाला, "चौकशी चालू आहे."

सभेत टॅरिन कडाडली. "लव्हॉन, हे तुमच्या मशीनवरून गेलंय! इतक्या वर्षांनी हे?"

लव्हॉनने कॉम्प्युटर उघडला, जुन्याऐवजी नवा उघडणारी ती ओळ वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण तो म्हणाला, "नव्याची सवय व्हायला जरा वेळ लागतो."

असं म्हणणाऱ्या माणसाला घरी जेवायला कोण वाढतं, हा प्रश्नच आहे.

"ही ओळ मी लिहिलेली नाही," लव्हॉन म्हणाली. "दुपारी एकला लिहिलीय. त्या वेळी मी साठ माणसांना हॉटडिश वाढत होते. आणि माझा पासवर्ड घरात दोघांनाच माहीत आहे. कुत्र्याला धरलं तर तिघांना."

दहा माना ऑरिनकडे वळल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते दहाही जण जुन्या एडिटरवर परतले होते, आणि टॅरिनने त्यांना अडवलं नाही. लव्हॉनने चारशे बारा माफीपत्रं तयार केली. प्रत्येकावर सही स्वतःच्या हाताने केली. त्या दिवसांत ती ऑरिनशी फक्त कुत्र्यामार्फत बोलत होती.

दोन आठवड्यांनी ऑरिनच्या नावे कंपनीचं पत्र आलं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्याने ते वाचलं. "आपली सेवा आजपासून समाप्त होत आहे. आपल्या एकतीस वर्षांच्या कामाबद्दल आम्ही अतिशय jjjjdd:wq ऋणी आहोत."

नोकरी गेली हे कळायच्या आधी त्याला आनंदच झाला. "बघ, बघ! तुझ्या त्या जुन्या एडिटरमध्येसुद्धा होतात की चुका!"

लव्हॉनने पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"चूक नाही ती, ऑरिन," ती म्हणाली. "एकेक अक्षर बघून टाइप केलंय."