मोन्यांच्या फियाटचा वास

"होळीच्या आत ही गाडी गोठ्याबाहेर गेली नाही, तर यंदाचा आंबा मी तुमच्या अंथरुणात पिकत घालीन," असं म्हणून आनंदीबाईंनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला. गोपाळकृष्ण मोने तेव्हा गाडीखालीच होते, त्यामुळे त्यांना तोंड लपवायला वेगळी जागा शोधावी लागली नाही.

गाडी म्हणजे आनंदीबाईंच्या सासऱ्यांच्या वेळची डुक्कर फियाट. पुढची दारं उलटी उघडणारी, नाक फुगवलेली, रंग एके काळी हिरवा. गुरं गेली तशी ती गोठ्यात आली आणि गुरांपेक्षा जास्त खाऊ लागली. गुरं निदान शेण तरी द्यायची. रोज दुपारी अप्पा, म्हणजे गोपाळकृष्ण, जुनी बनियन घालून तिच्या पोटाखाली शिरायचे आणि दिवेलागणीला काळे होऊन बाहेर यायचे. इंजिन महिन्यातून एकदा सुरू व्हायचं आणि त्या दिवशी घरात गोड व्हायचं.

आनंदीबाईंचं तिच्याशी लग्नापासूनचं वैर. राजापूरहून वरात याच गाडीतून निघाली होती. घाटात गाडी बसली आणि नव्या नवरीला शालू खोचून ढकलायला उतरावं लागलं. सासरी पाऊल टाकायच्या आधी हातांना ग्रीस लागलेली सून अख्ख्या रत्नागिरीत ती एकच असेल. ते त्या विसरल्या नव्हत्या आणि अप्पांनाही विसरू देत नव्हत्या.

शेवटी तडजोड झाली. पुण्याचे गुरुप्रसाद म्हणून जुन्या गाड्यांचे एक जाणकार होते. ते येऊन गाडी बघतील. गाडी अस्सल आहे असं त्यांनी म्हटलं, तर जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीत तिचं नाव लागेल आणि गोठा तिचा. नाही म्हटलं, तर सोमवारी भंगारवाला.

"आणि त्याने नाही म्हटलंन, तर मग रडायचं नाही," आनंदीबाई म्हणाल्या. अप्पांनी कबूल केलं. कबूल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

जाणकार रविवारी यायचे होते. गुरुवारी अप्पांना दारांच्या खाली गंज दिसला. खाऱ्या हवेत पत्रा पापडासारखा होतो. त्यांनी सुनेच्या भावाला, रावजीला, गुपचूप फोन केला. रावजीची दाभोळला होडी. तो म्हणाला, आम्ही होडीला मुशी माशाचं तेल लावतो अप्पा, समुद्राचं काही चालत नाही, मग तुमच्या दवाचं काय चालणार. त्याच दिवशी आंब्याच्या टेम्पोतून त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून पाठवलं.

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर बसायचा. सून राजश्री दाभोळची, समुद्राच्या काठावर वाढलेली. मुलाने, मुकुलने, तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा आनंदीबाईंनी आकांत केला नाही. पहिल्याच दिवशी सुनेला स्वयंपाकघर दाखवून एवढंच म्हणाल्या, "हा ओटा तुझा, हे डबे तुझे. फक्त मासा कुंपणाच्या गडग्याच्या अलीकडे नाही." राजश्रीने ते इतकं पाळलं, की मुकुल शनिवारी लोट्याच्या कारखान्यातून घरी येताना मित्राकडे बांगडा खाऊन आला, तर ती त्याला विहिरीवर पाठवायची.

अशा घरात अप्पांनी शुक्रवारी दुपारी, आनंदीबाई कीर्तनाला गेलेल्या बघून, गाडीला मुशीचं तेल लावलं. लावलं म्हणजे माखलं. खालून लावलं, बिजागऱ्यांना लावलं, उरलं ते वाया कशाला घालवायचं म्हणून सीटखालच्या स्प्रिंगांनाही पाजलं. फाल्गुनातलं ऊन पत्र्यावर रात्रीपर्यंत टिकतं. तेल मुरलं.

शनिवारी सकाळी आनंदीबाईंनी अंगणात पोह्याचे पापड वाळत घातले आणि मांजरं आली. आधी शेजारचं पांढरं आलं, मग आळीतली यच्चयावत. पापडांवरून चालत, पापडांची पर्वा न करता, सगळी गोठ्याकडे निघाली. जणू आत कुणाचं लग्न होतं. एका ठिपक्यांच्या मांजरीने तर तोंडात पिल्लू धरून आणलं, मागच्या सीटवर ठेवलं आणि दुसरं आणायला गेली.

गडग्यापलीकडून सगुणाबाईंनी मान वर काढली. त्यांचं नाक आळीत प्रसिद्ध होतं. कुणाकडे काय शिजतंय ते त्या झाकण उघडायच्या आधी सांगत.

"आनंदीबाई, मुशी कुणाकडे हो आज?"

"आमच्याकडे विचारताय?"

"वारा तिकडनं येतोय म्हणून म्हटलं," सगुणाबाई म्हणाल्या आणि मान खाली घेतली. ती बातमी जेवणाआधी खालच्या आळीला पोचणार, हे आनंदीबाईंना माहीत होतं. पलीकडची बातमी त्याही तशीच पोचवत.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. राजश्री घावन घालत होती. त्यांनी एकेक डबा उघडला, नाकाशी नेला आणि बंद केला.

"काय शोधताय आई?"

"मीठ."

"मीठ तुमच्या हातात आहे."

आनंदीबाईंनी मीठ ठेवलं. मग भिंतीकडे बघत विचारलं, "रावजीने काही पाठवलंन का गो?"

राजश्रीने गॅस बंद केला. तव्यावर अर्धं घावन तसंच राहिलं. "या घरात आल्यापासून मी सुक्या जवळ्याचं नावसुद्धा काढलेलं नाही, आई," असं म्हणून ती आपल्या खोलीत गेली. तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर आनंदीबाईंना बरं वाटलं असतं.

अप्पा ओट्यापाशीच उभे होते. खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यात घावन घातलं. दुपारी त्यांनी गाडी आधी शिकेकाईने धुतली, मग रॉकेलने पुसली. तरीही वास जाईना, तेव्हा देवघरातला धूप नेऊन आत लावला आणि काचा बंद केल्या. संध्याकाळी काच खाली केली, तर आतून देऊळ, रॉकेल पंप आणि मच्छीबाजार एकदम बाहेर आले. मांजरं मात्र हलली नाहीत. पिल्लांना हात लावायची अप्पांची छाती नव्हती. त्या दिवशी रात्री जेवताना घरात फक्त पाण्याची भांडी बोलत होती.

रविवारी मुकुलने गुरुप्रसादांना स्टेशनवरून आणलं. टापटीप माणूस, हातात बॅटरी आणि भिंग. गोठ्याच्या दारात ते थांबले, डोळे मिटून एक खोल श्वास घेतला आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं. अप्पांना वाटलं, निम्मं काम झालं.

मग तपासणी सुरू झाली. गुरुप्रसादांनी आकडे बघितले, दारं उघडून मिटली, मांजरीची परवानगी घेतल्यासारखं करून मागची सीट चाचपली. घरची सगळी मंडळी दारात जमली होती. राजश्रीही आली होती, कोकम सरबताचा ट्रे घेऊन, सासूपासून चार हात लांब. शेवटी त्यांनी गाडीखाली बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"हे मुशीचं तेल कुणी लावलंय?"

मुकुलने वडलांकडे बघितलं, राजश्रीने सासऱ्यांकडे बघितलं, आनंदीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अप्पा मांजरीकडे बघू लागले.

"गंज होता थोडा," ते म्हणाले. "रावजीकडून मीच मागवलं. राजश्रीला यातलं काही माहीत नव्हतं."

आनंदीबाईंनी सुनेकडे मान वळवली. मोन्यांच्या घरात त्यांनी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. ती कशी मागतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या पुढे झाल्या आणि राजश्रीच्या हातातला ट्रे आपल्या हातात घेतला. ट्रे जड नव्हता.

गुरुप्रसादांनी सरबत पिऊन निकाल सांगितला. इंजिन बदललेलं, तेही दुसऱ्या सालचं. डावीकडची दारं तिसऱ्याच गाडीची. डिकी कुणी तरी घरी ठोकून केलेली. "अस्सल म्हणता यायची नाही, अप्पा. ही एक गाडी नाही, तीन गाड्यांचं एकत्र कुटुंब आहे. अशीला भाव नाही."

अप्पांनी मान हलवली. शब्द दिला होता, रडायचं नव्हतं. त्यांनी हातातल्या फडक्याने हेडलाइटची काच पुसायला घेतली आणि ती बराच वेळ स्वच्छ होईना.

"मग उद्या भंगारवाल्याला सांगतो," मुकुल म्हणाला.

"तू गप रे," आनंदीबाई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "भाव नाही म्हणजे? आमच्या घरात मी राजापूरची, सून दाभोळची, हा मुलगा आठवडाभर लोट्याचं पाणी पिणारा. कुठला भाग कुठून आला ते आम्ही विचारत बसलो, तर चूल कोण पेटवणार?"

गुरुप्रसाद गडबडले. आपला तसा अर्थ नव्हता म्हणाले. मग थोडं अडखळत त्यांनी मनातलं सांगितलं. दारात वास आला तेव्हाच वाटलं होतं, आज जेवायला मासे असणार. पुण्यात तशी मुशी मिळत नाही. पण हात धुवायला आत गेल्यावर ओट्यावर डाळिंबीची उसळ दिसली. अर्थात उसळही उत्तमच.

पाहुणा मन मारून उठला असं त्या घरात कधी झालं नव्हतं. आनंदीबाई थोडा वेळ गडग्याकडे बघत राहिल्या. गोठा गडग्याच्या अलीकडेच होता, यात शंका नव्हती. पण वास तर दोन दिवस आधीच आत येऊन बसला होता.

"मुकुल, मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन ये. काय आणायचं ते हिला विचार," त्या म्हणाल्या. "राजश्री, जुनी शेगडी माळ्यावर आहे. गाडीच्या मागे मांड. आणि भांडी वेगळी काढ, ती पुन्हा आत यायची नाहीत."

राजश्रीने एकदा सासूकडे बघितलं आणि पदर खोचला.

त्या दुपारी गोठ्यातून मुशीच्या कालवणाचा वास सुटला. गुरुप्रसादांनी तीनदा भात घेतला. मांजरांची पंगत वेगळी बसली. आनंदीबाई गोठ्याबाहेर स्टुलावर, पाठ करून बसल्या होत्या.

"कालवणात तिरफळं कमी पडली का गो?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"मला काय कळतंय त्यातलं," आनंदीबाई म्हणाल्या.

होळी झाली. भंगारवाला आला नाही. यंदाचा आंबा पडवीत पिकत घातला गेला, अप्पांचं अंथरूण वाचलं. दर रविवारी राजश्री शेगडी पेटवते आणि अप्पा गाडीखाली शिरतात. मागच्या रविवारी सगुणाबाईंची मान पुन्हा गडग्यावर आली.

"आनंदीबाई, आज सुरमई वाटतं?"

"छे हो. ह्यांनी गाडीला तेल लावलंन."

"दर रविवारी?"

"जुनी गाडी आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "जपावी लागते."