साळूच्या होडीचा स्विच

खाडीला लागून एक जंगल होतं, मुलांनो. तिथे सगळं होतं. झाडं होती, सावली होती, एक समितीसुद्धा होती.

खाडी ओलांडायला एक छोटी इंजिनाची होडी होती. होडी जंगलाच्या मालकीची, पण चालवायची साळू. साळू म्हणजे साळिंदर. चांगली शिकलेली, कॉलेजात यंत्रांचा अभ्यास केलेली. स्वभावाने मात्र भारी घाबरट. मासा उडाला की तिचे काटे उभे. बगळा खोकला की काटे उभे. प्रवासी आपले सवयीने हातभर लांबच बसत.

एकदा इंजिनाजवळची तार तापली आणि तिच्यातून बारीकसा धूर आला. साळूने ओलं फडकं टाकलं, धूर थांबला. तिची झोप मात्र उडाली. होडी लाकडाची. खाडीच्या मध्यात पेटली, तर सशाची पिल्लं कुठे जाणार? त्यांना पोहता येत नव्हतं.

उपाय तिला ठाऊक होता. बॅटरी आणि बाकीच्या तारा यांच्यामध्ये एक स्विच बसवायचा. साधा, लाल मुठीचा. काही जळायला लागलं की एक पीळ द्यायचा, बॅटरी तारांपासून वेगळी होते, विषय संपला. "तो माझ्या गुडघ्याजवळ बसवून मिळावा," असा अर्ज तिने समितीकडे केला.

समितीचे अध्यक्ष होते गवेसाहेब. तज्ज्ञ होती घोरपडमावशी, कारण ती एकदा एका मोठ्या जहाजाला चिकटून बंदरापर्यंत जाऊन आली होती.

"लाल मुठीचा?" मावशी म्हणाली. "अगं, तो ट्रॅक्टरला लावतात. चांगल्या जहाजावर चार खुणांचा असतो. एक, दोन, दोन्ही आणि बंद. पहिली बॅटरी, दुसरी बॅटरी, नाहीतर दोन्ही मिळून."

"पण मावशी, आपल्याकडे बॅटरी एकच आहे."

"आज एक आहे," गवेसाहेब म्हणाले. "जरा मोठा विचार करायला शीक, बाळ."

साळूचे काटे थोडेसे उठले. तिने ते हाताने बसवले. "बरं, चार खुणांचा आणा. पण हाताशी हवा, साहेब."

"हिच्या हाताशी?" मावशीने जीभ आतबाहेर केली. "कोळंबी हलली तरी ही इंजिन बंद पाडेल. मग आम्ही बसू मध्यावर ओहोटी बघत."

समिती हसली. साळूही हसली. न हसणं बरं दिसलं नसतं.

तर मुलांनो, स्विच आला. चार खुणांचा, पितळी, देखणा. मावशीने त्याला न फुटणाऱ्या काचेची पेटी निवडली. पेटी होडीच्या अगदी पुढच्या टोकाला बसली, म्हणजे काठावरूनही दिसावी. गवेसाहेबांनी काटा 'दोन्ही'वर फिरवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पेटीला कुलूप लागलं. किल्ली समितीच्या कार्यालयात. कार्यालय खाडीपलीकडे.

बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी दुपारी होडीत एक सशीण होती, तिची चार पिल्लं होती आणि मावशी होती. मध्यावर आल्यावर साळूला वास आला. तिचे काटे उभे राहिले.

"झालं सुरू हिचं," मावशी म्हणाली.

मग धूर आला. या वेळी जाड, काळा. साळूने ओलं फडकं टाकलं, ते चरचरलं आणि धुमसू लागलं.

"मावशी, किल्ली."

"कार्यालयात आहे."

"कार्यालय पलीकडे आहे."

"मग तिकडेच तर चाललोय. जरा जोरात घे."

साळूने वल्हं उचललं आणि पेटीवर घातलं. काच खरोखरच उत्तम होती. वल्ह्याचे दोन तुकडे झाले. धाकटं पिल्लू रडायला लागलं. फळीला आता ज्वाळेची जीभ लागत होती.

साळिंदराचे दात कसे असतात, ते पुस्तकात चित्र बघा. साळूने डोळे घट्ट मिटले, बॅटरीजवळची जाड तार दाताखाली धरली आणि कडाडून चावली. ठिणगी उडाली, ओठ पोळले, इंजिन थांबलं. फळीवर तिने पाणी मारलं. मग अर्ध्या वल्ह्याने दोन तास होडी वल्हवत काठाला आणली. उशीर झाला म्हणून मावशी वाटभर कुरकुरत होती.

चौकशी झाली. अहवाल आला. स्विच सुस्थितीत. काटा 'दोन्ही'वर, म्हणजे जागच्या जागी. काचेवर एक ओरखडा, तो वल्ह्याचा. सबब, निवड अचूक ठरली आहे. नुकसान फक्त तारेचं, आणि तेही दातांनी केलेलं. साळूला समज देण्यात आली. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून नवी तार लोखंडी नळीतून नेण्याचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सशीण काठावर आली. "साळूताई, होडीवर तूच आहेस ना?"

"मीच आहे."

सशीण पिल्लांना घेऊन चढली आणि हातभर लांब न बसता तिच्या काट्यांना अगदी लागून बसली.

लोखंडी नळी येत्या सोमवारी बसणार आहे. सशीण तोवर पलीकडची सगळी कामं उरकून घेते आहे.

तात्पर्य, वहीत नीट लिहून घ्या: स्विच निवडताना तज्ज्ञांचं ऐकावं, आणि होडीत चढताना नावाड्याचे दात बघावेत.