पुलाचा अर्धा इतिहास

आमच्याकडे एका पुलाचा इतिहास सांगणारा माणूस आहे, पण तो अर्धाच इतिहास सांगतो. पुलाच्या बरोबर मधल्या सांध्यावर आला की थांबतो, काठीने पलीकडचा काठ दाखवतो आणि म्हणतो, "हयसर माझो संपलो. म्होरचो तेका इचारा."

हा बस्त्यावमामा. मालवणात मी पर्यटकांना खोल्या देतो. किल्ला बघून आणि मासे खाऊन पाव्हणे सुस्तावले, की त्यांना रिक्षात कोंबून कट्टा गावाच्या पुढे या पुलावर आणतो. खाली डोकावलं तर कठडा घट्ट धरावा लागेल इतकी खोल घळ आणि अलीकडच्या काठाला दगडावर टोपी घालून बसलेला मामा. पाव्हणा नको म्हणाला तरी सुटका नाही. "पुलार इलास मां? मगे आयक."

पूल नव्हता तेव्हा घळीत उतरायचं, तळाशी सुपारीच्या खोडांचा साकव ओलांडायचा आणि पुन्हा तेवढंच चढायचं. मामा सांगतो, सकाळी निघालेला नवरा मांडवात संध्याकाळी लंगडत उभा राही. त्या वरातीत कधी बँडवाले असतात, कधी डुक्कर, तर कधी दोन्ही. ऐकणाऱ्याचं तोंड बघून मामा तपशील बदलतो. मी ते खपवून घेतो, कारण पाव्हणे खूश असतात आणि माझं पोट त्यावर आहे.

मग पुलाचं काम निघालं. मामा आणि त्याचा धाकटा भाऊ रुजाय, दोघेही घमेली वाहायला लागले. मधल्या खांबाचा पाया काही केल्या धरेना, खणावं तर पाणी भरे. शेवटी मामाने गुपचूप राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवला. मामा घरात रोज प्रार्थना म्हणणारा, रविवार न चुकवणारा किरिस्ताव. पण जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय कसं चालेल? पाणी हटलं, खांब उभा राहिला. "माझ्या नारळान," असं छाती काढून सांगितलं की मामाचा अर्धा इतिहास संपतो.

घोळ असा, की त्याच संध्याकाळी रुजायने पलीकडच्या रस्त्यावरच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली होती. त्याची सासुरवाडी तिकडची, घरही तिकडेच. पूल सुरू झाला त्या दिवशी दोघे मधल्या सांध्यावर भेटले आणि नारळ की मेणबत्ती यावरून जी जुंपली ती साऱ्या गावाने पाहिली. तेव्हापासून अबोला. साकव होता तोवर दोघे भाऊ दर रविवारी चढउतार करून एकमेकांकडे जेवायला जायचे. पूल झाला आणि येणंजाणं बंद. पलीकडच्या दगडावर रुजाय बसतो आणि उरलेला अर्धा इतिहास सांगतो.

पाव्हणे परत आले की मामा आधी रुजायबद्दल विचारणार, "काय बरळलो तो?" मग इकडेतिकडे बघत, "खोकत होतो? डोक्यार टोपी होती?" मला वाटायचं, म्हातारा भांडणाला दारूगोळा जमवतोय.

यंदा मे महिन्यात माझे पाव्हणे लगेच परतले. पलीकडे कोणीच नव्हतं. मामाने मला बघायला पिटाळलं. रुजाय तापाने अंथरुणाला खिळला होता, अन्नाला शिवत नव्हता, डॉक्टरांनीही आशा सोडली होती. हे मी येऊन मामाला सांगितलं. "मेलो पूल उघडो टाकून निजलो," असं भावाच्या नावाने पुटपुटत तो उठला. सांध्यापाशी क्षणभर थांबला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि ओलांडून गेला. इतका घाबरलेला मामा मी कधी पाहिला नव्हता.

खाटेवरच्या रुजायने डोळे उघडले. "तू कसो इलंस?"

"पुलावरसून," मामा म्हणाला, आणि उशाशी बसून पेजेचा चमचा त्याच्या तोंडाला लावला. रुजायने तोंड उघडलं.

पुढल्या आठवड्यात मी नवे पाव्हणे घेऊन गेलो, तर अलीकडचा दगड रिकामा. मामा पलीकडे, रुजायच्या जागेवर. घरातून रुजायचा पेज मागणारा आवाज येत होता, म्हणजे जिवावरचं टळलं होतं. मामाने रुजायचा इतिहास अगदी रुजायसारखा हातवारे करून सांगितला. इतकी वर्षं पाव्हण्यांकडून त्याने तो शब्दन् शब्द गोळा केला होता. शेवटी खाली खांबाकडे बोट दाखवत म्हणाला, "हो खांब उबो रवलो, तो रुजायच्या मेणबत्तीन."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पाव्हणे पुढे गेल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, आणि नारळ?"

"नारळ आसा थंय, माझ्या बाजूक. ही तेची बाजू. तो निजलेलो असताना ती कोण सांगतलो?"

मग घराच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"तेका मात्र सांगू नको. माजतलो."