टेक ऑफ प्रकरणाचा तपास

शहाण्याने दिसेल त्यावर विश्वास ठेवावा, अतिशहाण्याने ठेवू नये, आणि आपण तर त्याही पलीकडचे, असं मामा स्वतःच सांगत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकतीस गुन्हे उलगडले होते. त्यांतले एकोणतीस घडलेच नव्हते, हा भाग वेगळा. भाची त्यांची मदतनीस. बिनपगारी, म्हणून तर तिने एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता.

शुक्रवारी त्या शाळेचा शिपाई पाकीट देऊन गेला. भाची हात पुसून येईपर्यंत मामांनी ते फोडून आतला कागद पुराव्यांच्या वहीत डकवलासुद्धा. आधी खळ, मग विचार, ही त्यांची शिस्त. कागदावर छापलं होतं, ‘टेक ऑफ’. खाली रिकाम्या ओळी. बस्स.

“टेक ऑफ म्हणजे काढणे. तुला काढलं.”

“अजून घेतलंच नाही तर काढतील कुठून, मामा?”

“मग निघून जाणे. मुख्याध्यापिका फरार!”

शनिवारी ‘नक्कल करणे’ हा अर्थ कळला, तेव्हा तोतया मुख्याध्यापिका पकडायला मामा शाळेच्या फाटकाशी दोन तास उभे राहिले. रविवारी ‘सुटी घेणे’ सापडलं, आणि शाळा खरोखरच बंद निघाली!

भाची हसली असती, पण तिने तरी काय दिवे लावले होते? ही आपली परीक्षाच, असं धरून तिने त्या रिकाम्या ओळींत अकरा अर्थ उदाहरणांसकट भरले होते. विमान तर दोनदा उडवलं होतं.

सोमवारी साडेआठला मामी चहा घेऊन आली. वहीत डोकावली.

“मागे काय लिहिलंय?”

“कशाच्या मागे?”

“कागदाच्या. शाळा आहे ती. उरलेल्या प्रश्नपत्रिका कोण फेकतं? कोऱ्या बाजूला पत्रं लिहितात.”

“पुराव्याला मागची बाजू नसते,” मामा म्हणाले.

मामीने वही किटलीच्या वाफेवर धरली. कागद सुटला. मागे निळ्या शाईत: ‘सोमवारी नऊ वाजता रुजू व्हावे. न आल्यास पुढच्या उमेदवारास बोलावू.’

मामांनी स्कूटर काढली. भाची मागे, केसांत कंगवा तसाच.

“माझ्यामुळेच मिळाली हो तुला नोकरी,” मामा वाऱ्यावर ओरडले. “आपल्या घरात न डकवलेला कागद तीन दिवस टिकलाय कधी?”

भाचीने घरात हरवलेल्या कागदांची मनातल्या मनात बेरीज केली: विजेचं बिल, मामांचं पेन्शनचं पत्र, तिची स्वतःची गुणपत्रिका. खोडून काढण्यासारखं काही सापडेना.

“खरंय, मामा,” ती म्हणाली, “पण शाळा मागे राहिली.”

नऊला एक मिनिट असताना ती उलट्या दिशेने पळत फाटकातून आत शिरली.