बाहेर तीस, आत चाळीस

वीज कशी वाचवावी हे मला विचारा. तीन वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही! नॉर्वेतल्या आमच्या त्रोंडहाइमच्या ऑफिसातला एसी कार्बन डायऑक्साइडवर चालतो. वायू तसा गुणी, पण बाहेर उकाडा वाढला की पठ्ठ्या अधाशासारखी वीज पितो. म्हणून त्यातला वाया जाणारा दाब पुन्हा कामाला जुंपणारं एक वीतभर नळकांडं मी बनवून बसवलं.

आमची साहेबीण गुनवोर म्हणाली, "आर्वे, बाहेर तीस अंश, आत चाळीस माणसं, आणि वीज पाचवा हिस्सा कमी. सुट्ट्या लागायच्या आत दाखव. नाहीतर तुझं नळकांडं भंगारात."

माणसं रोजचीच होती. वांधा होता तो तिसाचा. मे पावसात गेला, जूनही गेला. मी रोज छत्री धरून थर्मामीटरपुढे उभा! आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी पारा तिसावर गेला.

मी तळघरात मीटरपुढे ठाण मांडलं. बाराला वीज पाचवा हिस्सा कमी. साडेबाराला तिसरा. एक वाजता चक्क निम्मी! मी मशीनचा मुका घेतला, मीटरचा फोटो काढला आणि दोन-दोन पायऱ्या चढत गुनवोरकडे धावलो.

खोली रिकामी. सगळा मजलाच रिकामा. स्वयंपाकघरात शुक्रवारच्या वॉफलचं पीठ अर्धं तसंच, साचा अजून गरम. माणसं नाहीत, कॉम्प्युटर बंद, मग एसी थंड करणार कुणाला? ऊन पडलं की आमच्याकडे रजा कुणी मागत नाही, सरळ उठून जातात. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच!

सगळे फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, काठी खडकांवर वाळत घातलेल्या माशांसारखे पडले होते. मी हात जोडले. एक तास येऊन बसा, आत मस्त गारवा आहे, म्हणालो.

हिशेबखात्यातला एगिल डोळे न उघडता म्हणाला, "गार व्हायला अख्खं वर्ष पडलंय रे. आज तरी तापू दे."

मला रडूच यायचं बाकी होतं. गुनवोरने आइस्क्रीम चाटत फोटो बघितला. उन्हामुळे तिचं मन पाघळलं असावं.

"बरं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू दे नळकांडं," ती म्हणाली. "बस आता. मी कुलूप लावून आले, तू मागच्या दाराने निघालास ना? आता तीन आठवडे तिकडे कुणी फिरकणार नाही. एसी बंद केलास ना?"

"हो, हो," मी म्हणालो, आणि नुकतेच काढलेले मोजे पुन्हा पायात चढवायला लागलो.